निळा पडदा : ७८ मिनिटांचा घटनाक्रम

(सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार)

२८ फेब्रुवारी २०२४. टेक्सासमधली क्राउडस्ट्राइक ही कंपनी आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ आवृत्ती ग्राहकांना खुली करते. विंडोजमधले प्रोग्रॅम आपसात ज्या वाटेने बोलतात, तिचा गैरवापर ओळखण्याची नवी सोय तीत आहे. या सोयीच्या आराखड्यात माहितीचे २१ रकाने आहेत. वाचणाऱ्या भागाला प्रत्यक्षात २० च पुरवले जातात. ही तफावत कोणाच्याही लक्षात येत नाही.

५ मार्च. नव्या सोयीची ताणचाचणी होते. ती पास होते. त्याच दिवशी, कोणती हालचाल संशयास्पद मानायची हे फाल्कनला सांगणारी पहिली नियमावली ग्राहकांच्या संगणकांवर जाते. ८ ते २४ एप्रिलच्या दरम्यान आणखी तीन जातात. काहीच बिघडत नाही, कारण चारही वेळा एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशीच खूण आहे. त्यामुळे तिथे डोकावण्याची वेळच येत नाही.

१९ जुलै, पहाटे साडेतीनच्या सुमारास. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर सेवेचा मध्य अमेरिकेतला विभाग कोलमडतो. या बिघाडाचा फाल्कनशी संबंध नाही. पुढे काही तास मात्र फाल्कनमुळे होणाऱ्या बिघाडाशी त्याची सरमिसळ होणार आहे.

सकाळी ९.३९ च्या आधी. दोन नव्या नियमावल्या पाठवायच्या आहेत. एकीत एकविसाव्या रकान्यासाठी पहिल्यांदाच ठरावीक अट आहे. तपासणारा प्रोग्रॅम दोन्हींना हिरवा कंदील दाखवतो, कारण त्यालाही २१ रकाने येणार असंच वाटतं आहे. एखाद्या खऱ्या विंडोज संगणकावर या नियमावल्यांची फाइल चढवून, तो बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला जात नाही. मार्चमधली चाचणी, तपासणारा प्रोग्रॅम आणि आधीचा सुरळीत अनुभव यांवर भरवसा ठेवला जातो. कंपनीनेच पुढे हे सांगितलं आहे.

सकाळी ९.३९. फाइल सुटते. क्रमांक २९१. थोड्या संगणकांवर आधी, बाकीच्यांवर नंतर, असा टप्पा नाही. ती एकदमच सगळीकडे जाते. कंपनीचं मुख्यालय असलेल्या ऑस्टिनमध्ये गुरुवारची रात्र आहे, ११ वाजून ९ मिनिटं. सिडनीत शुक्रवारी दुपारचे २.०९. मुंबईत कचेऱ्या उघडत आहेत.

पुढची काही मिनिटं. फाल्कन एकविसावा रकाना वाचायला जातो. तिथे काहीच नाही. तो मेमरीतल्या भलत्याच जागी हात घालतो. साधा प्रोग्रॅम असता तर एकटा बंद पडला असता. पण फाल्कनचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालतो. तिथली चूक विंडोज पोटात घालत नाही, अख्खा संगणक थांबवतं. निळा पडदा येतो.

संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो. हाच ड्रायव्हर अगदी पहिल्या टप्प्यात चढतो, कारण घातक प्रोग्रॅमच्या आधी पहारेकरी जागा हवा. तो फाइल वाचतो. निळा पडदा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा.

सकाळी १०.५७. फाइल मागे घेतली जाते. चूक ७८ मिनिटं बाहेर होती. दुरुस्त फाइल सर्व्हरवर तयार आहे. ती उतरवून घ्यायला मात्र संगणक सुरू होऊन नेटवर्कला जोडलेला हवा, आणि तो बहुतेक वेळा त्याआधीच कोसळतो. आता दुरून करण्यासारखं फार काही उरलेलं नाही.

दुपार. मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या विमानतळांवर चेक-इनचे संगणक ठप्प. कर्मचारी बोर्डिंग पास हाताने लिहून देतात. एकट्या इंडिगोची सुमारे दोनशे उड्डाणं रद्द होतात. ल्यूबेक आणि कील इथलं विद्यापीठ रुग्णालय तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलतं. ब्रिटनमध्ये स्काय न्यूजचं थेट प्रक्षेपण बंद. भारतातल्या दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आल्याचं रिझर्व्ह बँक सांगते.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास. कंपनीचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ जाहीर करतात की हा सायबरहल्ला नाही. मॅक आणि लिनक्स संगणकांना धक्का लागलेला नाही.

दरम्यान दुरुस्तीची रीत ठरली आहे. प्रत्येक संगणकापाशी माणसाने जायचं. सेफ मोडमध्ये सुरू करायचं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्या संगणकाची ४८ अंकी रिकव्हरी की एकेक अंक पाहून टाइप करायची. एक अंक चुकला तर पुन्हा. मग सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइक हे फोल्डर. सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल काढून टाकायची आणि संगणक नेहमीसारखा सुरू करायचा. हाताला सवय झाली की काही मिनिटांचं काम. मग शेजारचा संगणक. काही ठिकाणी रिकव्हरीच्या या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तो सर्व्हरच निळ्या पडद्यावर अडकलेला होता. क्लाउडवरच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा की पुन्हापुन्हा सुरू करा, पंधरा वेळा करावं लागलं तरी. एखाद्या वेळी दुरुस्त फाइल कोसळण्याआधी पोचते.

२० जुलै, पहाटे ३. भारतातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागतात. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टचा अंदाज येतो : ८५ लाख संगणक. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहूनही कमी. अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सची घडी मात्र पाच दिवस बसत नाही. तिची सुमारे सात हजार उड्डाणं रद्द होतात.

जुलैअखेर. सुमारे ९९ टक्के संगणक परत आले आहेत.

६ ऑगस्ट. कंपनीचा कारणमीमांसेचा अहवाल येतो. २१ आणि २० ची तफावत त्यात स्पष्ट लिहिली आहे. यापुढे नियमावलीही टप्प्याटप्प्याने जाईल आणि ती कधी घ्यायची यावर ग्राहकाचं नियंत्रण राहील, असं आश्वासन दिलं आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एक-दोन पावलं मागे ठेवण्याची मुभा ग्राहकांना आधीपासूनच होती. अनेकांनी सावधपणे ती वापरलीही होती. नियमावलीच्या फाइलींना ती लागू नव्हती, म्हणून त्या शुक्रवारी हे सावध ग्राहकही बेसावधांइतकेच अडकले.