मिठाचा हिशेब

१९४७ साली दिल्लीत दंगली उसळल्या, तेव्हा अल्पसंख्य समाजातील अनेक कुटुंबांनी लाल किल्ल्याचा आश्रय घेतला. त्यांच्या अन्नाचा भार सरकारवर होता आणि ते पुरविण्याचे काम ठेकेदारांकडे. आत माणसे किती, हे कोणासच ठाऊक नव्हते. ठेकेदार सांगतील ती संख्या आणि मागतील ती रक्कम! अखेरीस सरकारने संख्याशास्त्रज्ञांस पाचारण केले. किल्ल्यात जाऊन शिरगणती करणे त्यांनाही शक्य नव्हते. त्यांनी ठेकेदारांची बिले तेवढी मागवून घेतली आणि तांदूळ, डाळ व मीठ यांच्या वजनांस दरडोई खपाने भागून पाहिले. तांदळावरून माणसे निघाली सर्वांत अधिक. मिठावरून सर्वांत कमी. तांदूळ महाग, म्हणून त्याचा आकडा फुगविण्यात लाभ होता. मीठ इतके स्वस्त, की त्यात लबाडी करण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. खरी संख्या मिठाने सांगितली.

ही हकिगत डॉ. सी. आर. राव यांनी आपल्या 'स्टॅटिस्टिक्स अँड ट्रुथ' या व्याख्यानग्रंथात नमूद केली आहे. त्यांच्या नावाची गणित व संख्याशास्त्राची संस्था आमच्या हैदराबादेत, विद्यापीठाच्या आवारातच उभी राहिली. परीक्षांतील लबाडी कशी उघडकीस आली याचा इतिहास पाहताना मला ते मीठ वारंवार आठवते.

अमेरिकेत १९२७ साली चार्ल्स बर्ड या मानसशास्त्रज्ञाने पर्यायी उत्तरांच्या प्रश्नपत्रिकांतील कॉपी कशी ओळखावी, याविषयी एक लेख प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे साधे होते. दोघांची बरोबर उत्तरे जुळली, तर त्यात नवल नाही. दोघांनीही अभ्यास केला असेल. दोघांच्या चुका जुळल्या, तर मात्र विचार करावा लागतो. कॉपी करणारा बरोबर उत्तराची चिंता वाहतो; चुकीच्या उत्तराकडे तो पाहत नाही. ते त्याचे मीठ होय.

थोडा हिशेब करू. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय आहेत आणि दोन उमेदवारांचे तेच वीस प्रश्न चुकले आहेत, असे धरा. चुकीचे पर्याय तीन. तेव्हा निव्वळ योगायोगाने सहा-सात चुका जुळाव्यात. वीसच्या वीस जुळण्याचा संभव सुमारे साडेतीनशे कोटींत एक. मग शंका कशाची? परंतु घाई करू नये. एक लाख उमेदवारांच्या जोड्या लावल्या, तर त्या जवळजवळ पाचशे कोटी होतात. इतक्या गर्दीत असंभाव्य गोष्टही कोठेतरी घडून जाते. शिवाय सर्व चुकीचे पर्याय सारखेच मोहक नसतात.

याचा अनुभव मला वर्गातच आला. एकदा शेजारी बसणाऱ्या दोन मुलांनी उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे साल १९२८ असे लिहिले. मी दोघांनाही उभे केले, बरेच बोललो आणि त्यांचे गुण कापले. पुढे वहीतपासणीच्या वेळी आढळले, की ते साल मीच फळ्यावर चुकीचे लिहिले होते; १९१८ च्या जागी १९२८. मागच्या बाकांवरील आणखी नऊ मुलांचीही तीच चूक होती. त्यांच्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. १९७४ साली विल्यम अँगॉफ यांनी या विषयाचे गणित अधिक काटेकोर केले. एकमेकांचे पाहणे ज्यांना शक्यच नव्हते, अशा उमेदवारांची उत्तरे किती जुळतात हे आधी मोजावे आणि मग संशयितांकडे वळावे, ही त्यातील दृष्टी. मी नेमके उलट केले होते.

पेपरच फुटला, तर मात्र चुकांचे हे मीठ उपयोगी पडत नाही; कारण फुटलेल्या पेपराबरोबर उत्तरे बरोबरच मिळतात. अशा वेळी जुनी नोंद कामी येते. २०१४ साली, आंध्र प्रदेश अविभक्त असताना, वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गुणवत्तायादीतील वरची नावे पाहून तरुण डॉक्टरांनाच संशय आला. एम.बी.बी.एस.ला ज्यांची गती यथातथाच होती, ते येथे अग्रस्थानी कसे? चौकशी झाली, परीक्षा रद्द झाली आणि त्याच वर्षी पुन्हा घेतली गेली. दोन वर्षांनी तेलंगणात तेच घडले. ९ जुलै २०१६ च्या दुसऱ्या एमसेटमध्ये काही विद्यार्थ्यांचे क्रमांक आदल्या परीक्षेहून एकाएकी फार वर चढले. पालकांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून तक्रार केली. गुन्हे अन्वेषण विभागाचा माग दिल्लीच्या छापखान्यापर्यंत गेला. ११ सप्टेंबरला हजारो मुले तिसऱ्या परीक्षेस बसली.

आम्हा शिक्षकांचीही यातून सुटका नाही. महाराष्ट्रातील २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पुणे पोलिसांनी मूळ उत्तरपत्रिकांचे गुण आणि जाहीर झालेला निकाल एकमेकांशी ताडून पाहिले. सात हजार आठशेंहून अधिक उमेदवार अपात्र असूनही पात्र ठरविले गेले होते. येथे अवघड गणित लागलेच नाही, वजाबाकी पुरली. आणि म्हणूनच ते वाचताना मला अधिक लाज वाटली.

हैदराबादेतील लोकसेवा आयोगाच्या गट-एक पूर्वपरीक्षेची कथा वेगळी आहे. ती १६ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली. पेपर फुटल्याचे उघड होताच मार्च २०२३ मध्ये रद्द झाली. तपास पथकाने दीडशेपैकी शंभरावर गुण मिळविणाऱ्यांचीच चौकशी आरंभली. अर्थात त्यांत रात्रंदिवस अभ्यास करून ते गुण मिळविणारेही होतेच. ११ जून २०२३ ला परीक्षा पुन्हा झाली. उमेदवारांची बोटांच्या ठशांनी पडताळणी न झाल्यामुळे ती उच्च न्यायालयाने रद्द केली. नवी जाहिरात निघून ९ जून २०२४ ला ती तिसऱ्यांदा झाली.

माझा एक जुना विद्यार्थी तिन्ही वेळा बसला. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो घरी आला होता. पहिली दोन्ही प्रवेशपत्रे त्याने जपून ठेवली होती. तिन्ही टेबलावर ओळीने मांडून तो म्हणाला, "सर, फोटो बघा. पहिल्यात मला चष्मा नव्हता."