जोगलटेंभीची नाणी व ग्रहपृष्ठांचे वाचन

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे जो मुद्रानिधी उपलब्ध झाला, तो आपल्या वाचकांस सुपरिचित आहे. तेरा हजारांहून अधिक रौप्यमुद्रा, त्या मूळच्या सर्व क्षहरात नहपानाच्या, आणि त्यांपैकी नऊ हजारांवर मुद्रांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविलेला. खाली नहपानाचा मुखवटा, वर सातकर्णीची चिन्हे. आधी कोण आणि मागाहून कोण, हे त्या चांदीच्या तुकड्यावरून कोणत्याही बखरीवाचून सिद्ध होते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील बलश्रीचा लेख तीच गोष्ट शब्दांनी सांगतो. तथापि एक मर्यादा ध्यानात धरली पाहिजे. मुद्रा पौर्वापर्य सांगते, शक सांगत नाही. नहपानाच्या कालनिर्णयाचा वाद या निधीने मिटला नाही तो यामुळेच.

अवकाशयानांनी ग्रह व उपग्रह यांविषयी जी सामग्री गेल्या साठ वर्षांत पाठविली, तिचे वाचन करणारे पंडित याच न्यायाने चालतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय आपल्या त्रैमासिकास परका वाटेल. परंतु लेख दगडावर असो, ताडपत्रावर असो की चंद्राच्या पाठीवर असो, वाचनाचे नियम फारसे बदलत नाहीत.

प्रथम चंद्र घेऊ. तेथील वातावरण नाममात्र विरळ. वारा नाही, पाऊस नाही. त्यामुळे एकदा उमटलेला ठसा कोट्यवधि वर्षे टिकतो. उल्काघाताने पडलेले एक विवर दुसऱ्या विवराची कड तोडत असेल, तर तोडणारे मागाहूनचे. हाच तो सातकर्णीचा छाप. पुढे ज्या प्रदेशात विवरांची दाटी अधिक तो जुना, जेथे विरळ तो नवा, असे गणिताने ठरविता येते. परंतु येथवर मिळाले ते केवळ पौर्वापर्य. शक मिळाला तो १९६९ ते १९७२ या काळात माणसांनी सहा खेपांत ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली तेव्हा. त्या दगडांचे वय प्रयोगशाळेत काढून विवरांच्या गणनेस जोडले, आणि गणनेचे कोष्टक सिद्ध झाले. त्या कोष्टकात मध्यंतरीच्या दीर्घ काळापुरता मोठा खंड होता. चीनच्या यानाने डिसेंबर २०२० मध्ये सुमारे पावणेदोन किलो माती आणली. तिच्यातील काळ्या पाषाणाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे भरले, आणि त्या खंडात एक भक्कम खुंटी ठोकली गेली. मितियुक्त एक अस्सल कागद शेकडो मितिहीन कागदांस जागेवर बसवितो, त्यातलाच हा प्रकार.

या कामी महाराष्ट्राची साक्ष दुर्लक्षिण्यासारखी नाही. त्रिरश्मीची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, त्याच पाषाणाच्या विस्तीर्ण पसाऱ्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आहे. पुराणकथेने त्याचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडला. आइन-ई-अकबरीतही या खाऱ्या सरोवराचे वर्णन येते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते ज्वालामुखीचे मुख असावे असे दीर्घकाल मानले जाई. तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताने काचरूप पावलेले खनिज आढळले, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने हे उल्काविवर असल्याचे सिद्ध केले. चंद्रावरील काळी मैदाने व मंगळाचा बराच भाग अशाच जातीच्या पाषाणाचा असल्याने, यानांनी टिपलेली तेथील विवरे समजून घेण्यास लोणार हा हाताशी असलेला ताडून पाहण्याजोगा पाठ ठरतो.

परंतु येथेच सावधगिरीचा धडाही मिळतो. लोणारचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आघात मात्र फार अलीकडचा. तो केव्हा झाला? एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे येतात, आणि आर्गॉन वायूच्या मोजणीवर आधारलेल्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,७०,०००. दगड हाती असता दोन शकांत दहापटींहून अधिक अंतर पडते. मग केवळ चित्रांवरून काढलेले दूरच्या ग्रहाचे वय किती जपून स्वीकारावे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

आता शुक्र पाहू. याच्या भोवती ढगांचे दाट आवरण आणि पृथ्वीच्या सुमारे नव्वदपट दाबाचे वातावरण. डोळ्यांस पृष्ठभाग दिसतच नाही. १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन नामक यानाने रडारच्या लहरी ढगांतून आरपार पाठवून जवळजवळ संपूर्ण पृष्ठाचा नकाशा केला. त्यात विवरे निघाली अवघी हजाराच्या आतबाहेर, आणि दोन किलोमीटरांहून लहान अशी जवळजवळ नाहीतच. कारण लहान उल्का त्या घनदाट हवेतच भस्म होतात. वातावरण हे जणू लेखनिकच आहे: कोणता मजकूर उतरू द्यावयाचा व कोणता गाळावयाचा हे तो ठरवितो. त्याची खोड न ओळखता जो गणना करील, तो फसेल. ही खोड जमेस धरूनही त्या पृष्ठाच्या वयाचे अंदाज वीस कोटींपासून शंभर कोटी वर्षांपर्यंत पसरलेले आहेत, कारण शुक्रावरचा एकही मितियुक्त दगड आपल्या हाती नाही. त्या थोडक्या विवरांपैकी एकास डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या स्मरणार्थ ‘जोशी’ आणि दुसऱ्यास पंडिता रमाबाईंच्या सासरच्या नावावरून ‘मेधावी’ असे नाव दिलेले आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस कौतुकाची वाटेल.

मॅगेलनचे दप्तर बंद होऊन तीस वर्षे होत आली असता दोघा संशोधकांनी ते पुन्हा उघडले. फेब्रुवारी व ऑक्टोबर १९९१ मधील एकाच ज्वालामुखीची दोन चित्रे त्यांनी शेजारी ठेवून ताडली. तो आठ महिन्यांत एका मुखाचे क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालेले व आकार पालटलेला दिसला. शुक्रावरील ज्वालामुखी आजही जागे असल्याचा हा पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. चंद्रावरील पाण्याचीही कथा अशीच. २००८ साली निघालेल्या आपल्या चांद्रयानावरील अमेरिकन उपकरणाने चंद्रपृष्ठावर पाण्याच्या खुणा टिपल्या. तेव्हा कॅसिनी यानाने १९९९ साली शनीकडे जाताजाता घेतलेली चंद्राची टिपणे काढून पाहण्यात आली, आणि तीच खूण तेथेही निघाली. दोन्ही साक्षी २००९ साली एकत्र प्रसिद्ध झाल्या. कागद दहा वर्षे होता, वाचणारा नव्हता.

तो कागद नसताच तर? चंद्रावर प्रथम उतरलेल्या माणसांच्या मूळ दृश्यफितींचा शोध झाल्यावर, त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात असे अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने २००९ साली जाहीर केले. हाही एक पुनर्मुद्रणाचाच प्रकार. परंतु सातकर्णीच्या छापाखाली नहपान उरतो, फितीवर दुसरा छाप बसला म्हणजे पहिल्याचा मागमूस उरत नाही. उलट १९६६-६७ साली चंद्राभोवती फिरलेल्या पाच यानांच्या फिती आणि त्या वाचणारी यंत्रे काही व्यक्तींनी पदरमोड करून जपली. म्हणून २००८ पासून ती चित्रे पूर्वीपेक्षाही स्वच्छ स्वरूपात पुन्हा प्राप्त झाली. आपल्या चांद्रयानांची सामग्री आज बेंगळुरूजवळ ब्यालाळु येथील केंद्रात जतन होते व अभ्यासकांस खुली केली जाते, ही समाधानाची गोष्ट आहे.

असो. दुसऱ्यांचे प्रमाद मोजताना स्वतःचा लपविणे योग्य नव्हे. अध्यापक असताना मी शाळेच्या कपाटाच्या साफसफाईत निकामी कागदांची एक यादी केली. तीत पूर्वीच्या शिक्षकांनी पर्जन्यमापक पाहून रोज लिहिलेल्या पावसाच्या वह्या होत्या. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्या आकड्यांत काय अर्थ दिसणार! वह्या रद्दीत गेल्या. यादीवर सही माझी आहे. नाशिकच्या आकाशाची ती टिपणे उद्या कोण कशाशी ताडून पाहणार होता, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याची आवश्यकताही नव्हती. राखून ठेवणे एवढेच पुरे होते.

म्हणून संग्राहक मंडळींस विनंती इतकीच, की ज्या कागदाचा अर्थ आज लागत नाही, त्याचीही जागा, मिती व कोणाकडून मिळाला ते टिपून तो रुमालात बांधून ठेवावा. वाचणारा मागाहून येतो.