साल दुधात, रस मागाहून



आमच्या जामनेरला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. दुपारी कांग नदीकडे बघवत नाही, इतकं ऊन. अशाच एका उन्हाळ्यात आमच्या बचत गटानं ठरवलं, या वेळच्या मासिक बैठकीला चहा नको, घरचं आइस्क्रीम करायचं. एकीच्या माळ्यावर सासऱ्यांच्या वेळचा लाकडी पॉट पडून होता. दुसरीच्या मळ्यात हस्त बहाराची लिंबं उतरली होती. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं, साखर घातली आणि उशीर होतोय म्हणून कोमट दुधातच लिंबं पिळली.

पुढं काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. दूध फाटलं. पाच लिटर! आमच्यातल्या वयानं मोठ्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, पनीर करायला तुम्हाला पॉट कशाला लागतो?" साखर पडलेलीच होती, म्हणून त्याचा कलाकंद केला आणि वेळ निभावली.

पण मला एक प्रश्न चावत राहिला. लिंबू आणि दूध यांचं तर वैर. मग लिंबाच्या, संत्र्याच्या वासाचं दुधाचं आइस्क्रीम जगात आधी कुणी आणि कसं केलं असेल? तो शोध घेताना जे वाचायला मिळालं, ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्याच सरबतापासून करू. अरबी-फारसीतून आपल्याकडे आलेला हा शब्द तिकडे युरोपातही गेला. इटलीत त्याचं सोर्बेत्तो झालं. म्हणजे थंड गोडाचा हा सगळा पसारा मुळात लिंबू, पाणी आणि साखरेच्या पेल्यातून निघाला आहे.

सरबत गार करायची एक युक्ती आपल्याकडे सोळाव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ऐन-ई-अकबरीत सोऱ्यानं पाणी गार करायची रीत दिली आहे. हाच अबुल फजल पुढं असीरगडच्या वेढ्याच्या वेळी आपल्या खानदेशात होता. रीत अशी: अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा आणि त्यात शेरभर पिण्याच्या पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, म्हणून आतलं पाणी गार पडतं. त्यानं पाणी गार व्हायचं, गोठायचं मात्र नाही. पण बघा, भांड्यात भांडं, बाहेर क्षार आणि हातानं फिरवणं, ही पॉटची सगळी बीजं तिथंच आहेत.

गोठवायचं तर बर्फ हवा आणि बर्फाला मीठ हवं. ते का, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. नुसत्या बर्फात डबा ठेवला तर दूध शून्य अंशापर्यंतच उतरतं. साखर घातलेलं दूध मात्र शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही. बर्फावर मीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळत राहतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढतो. प्रमाण नेमकं जमलं तर बर्फ-मिठाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. आपल्याला तेवढं लागत नाही, पण मिठाची ताकद यावरून कळावी.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. इटलीतल्या नेपल्स शहरात आंतोनिओ लातिनी नावाचा एक मोठ्या घरचा कारभारी होता. १६९०च्या दशकात त्याचं पाककलेचं पुस्तक छापलं गेलं. त्यात लिंबाचं सोर्बेत्तो आहे आणि ते पाण्यातलं आहे. दुधाचंही एक आहे. दुधाच्या आइस्क्रीमची ही फार जुनी, लिहून ठेवलेली कृती. त्यात दूध, पाणी, साखर आणि साखरेत मुरवलेलं महाळुंग किंवा भोपळा आहे. महाळुंग म्हणजे लिंबाचंच थोरलं भावंडं, जाड सालीचं. त्याचा रस थोडाच निघतो, मुरवतात ती सालच.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आंबटपणा रसात असतो आणि वास सालीत. दूध फाडतो तो रस. साल दुधाला काही करत नाही. आम्ही त्या दिवशी रस दुधात घातला आणि साली उकिरड्यावर फेकल्या. नेमकं उलटं केलं होतं!

आता नेपल्सहून आपल्या मुंबईला येऊ. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून कलकत्त्याला बर्फाचं पहिलं जहाज आलं. तिथल्या तळ्यांवरचा हिवाळ्यातला बर्फ कापून, झाकून-बांधून चार महिन्यांच्या प्रवासानं आणलेला. लवकरच मुंबईलाही बर्फ येऊ लागला. ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ मध्ये मेजवानीला आइस्क्रीम वाढलं. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, अशी बातमी मुंबई समाचारनं दिली आणि वर चिमटाही काढला. आज आपल्याला यजमानाचं नाव ठाऊक आहे, सर्दीही ठाऊक आहे. बर्फ फोडून तासभर डबा फिरवणाऱ्या हातांची नावं मात्र कुणी लिहिली नाहीत.

आणि ते काम सोपं नव्हतं. तेव्हा बर्फाच्या बादलीत डबा ठेवून तो हातानं गरागरा फिरवायचा. दर थोड्या वेळानं झाकण उघडायचं, कडेला गोठलेलं खरवडायचं, घोटायचं, पुन्हा झाकायचं. त्यात खारं पाणी आत गेलं तर सगळी मेहनत वाया.

ही कटकट सोडवली ती एका बाईनं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी ९ सप्टेंबर १८४३ रोजी हातानं फिरवायच्या आइस्क्रीम यंत्राचं पेटंट घेतलं. मूठ बाहेर, भोकाभोकांची पाती आत आणि झाकण बंद. मूठ फिरवली की पाती कडेचं गोठलेलं खरवडून मधे आणतात, झाकण उघडावं लागत नाही. पाच वर्षांनी विल्यम यंग याने त्यात सुधारणा करून स्वतःचं पेटंट घेतलं, तरी यंत्राला जॉन्सनचंच नाव ठेवलं. पुढं १८८५ मध्ये लंडनच्या अॅग्नेस मार्शल यांनी आइस्क्रीमवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि स्वतःचं यंत्रही विकलं. आमच्या माळ्यावरच्या त्या पॉटची आजी कोण, ते आता कळलं ना?

बोस्टनचा बर्फ फार वर्षं चालला नाही. १८७०-८०च्या सुमारास आपल्याच देशात कारखान्यांत बर्फ होऊ लागला. बर्फ साहेबाच्या ताटातून बाहेर पडला, हळूहळू गोळ्याच्या आणि गारीगारच्या गाडीवर आला. सुट्टीत भावंडं जमली की पॉट निघायचा, पाळीपाळीनं मूठ फिरायची. मूठ जड झाली की समजायचं, जमलं!

हे सगळं वाचून आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मृग बहाराची शेवटची मोसंबीही मिळाली. बाग उक्ती दिली तरी व्यापारी बारका, डागाळलेला माल मागं सोडतो. सालीवर डाग असला म्हणून आतला रस काही वाईट नसतो. सालीसाठी मात्र स्वच्छ फळं निवडा आणि चांगली चोळून धुवा, फवारणी झालेली असते.

आमची रीत अशी. एक लिटर म्हशीचं दूध पाऊण लिटरपर्यंत आटवायचं, त्यात २०० ग्रॅम साखर. दूध गरम असतानाच दोन मोसंब्यांची किंवा दोन लिंबांची वरची रंगाची साल किसून टाकायची. खालचा पांढरा भाग नको, तो कडू. झाकून गार झालं की गाळायचं आणि रात्रभर थंड ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी डबा दोन तृतीयांशच भरायचा, कारण आइस्क्रीम फुगतं. बाहेर तीन-चार भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ, थरावर थर. आधी सावकाश फिरवायचं, मग वेगानं. वीस मिनिटांनी ते घट्टसर झालं की झाकण नीट पुसून उघडायचं आणि तेव्हा रस घालायचा. लिंबाचा असेल तर दोन मोठे चमचे, मोसंबीचा असेल तर एक वाटी. इतक्या गारठ्यात रस पडला की दूध फाटायला वाव राहत नाही. पुन्हा दहा मिनिटं फिरवायचं. मग पाती काढून, नवा बर्फ-मीठ भरून, वर गोणपाट टाकून तासभर मुरू द्यायचं.

मोसंबीचा रस मात्र आयत्या वेळीच काढा. काही तास ठेवला तर तो कडू होतो, बिया चिरडल्या तर आणखी. त्यात तुमच्या हाताचा दोष नसतो, फळाचा गुणच तो.

एक जपायची गोष्ट. आपल्या राज्यात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळा करण्याचा नियम आहे. तो पेल्यात किंवा दुधात कधीही टाकायचा नाही. पॉटच्या बाहेर कुठलाही बर्फ असला, तरी खारं पाणी झाकणाच्या खालीच राहिलं पाहिजे.

त्या दिवशी पहिला चमचा आत्याबाईंना दिला. त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "साल फेकून द्यायचो गं आपण इतकी वर्षं."

मैत्रिणींनो, या धंद्यात लगेच उडी घ्या असं मी म्हणत नाही. विकायचं तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी, चांगला बर्फ हवा आणि पॉटमधलं त्याच संध्याकाळी संपायला हवं. पण आधी एकदा घरी करून बघा. मूठ फिरवताना लेकीला शेजारी बसवा. हे यंत्र एका बाईनं काढलं, हे तिला सांगा. आणि हात दुखायला लागला की मूठ तिच्या हातात द्या.