कोयना : वळविलेल्या पाण्याचा जमाखर्च

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबाचे भवितव्य काही हातांच्या अंतराने ठरते. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब कोकणातून थोडक्या वाटेने अरबी समुद्रास मिळतो. पूर्वेस पडलेला थेंब मात्र अर्धा भारत ओलांडून बंगालच्या उपसागरात विसावतो. महाबळेश्वरास उगम पावणारी कोयना ही या दुसऱ्या, लांबच्या वाटेने जाणारी नदी होय. उगमापासून हेळवाकपर्यंत ती सह्याद्रीच्या रांगेस समांतर अशी दक्षिणेकडे वाहते. तेथे एकाएकी पूर्वेस वळण घेते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. पुढे कृष्णेच्या नावाने तिचे पाणी कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश या राज्यांतून वाहत जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यास माणसाने ही नदी अडविली आणि तिच्या पाण्याचा मोठा भाग निसर्गक्रमाच्या उलट, पश्चिमेकडे वळविला. या एका कृतीने महाराष्ट्राच्या उद्योगजीवनास बळ दिले; म्हणूनच कोयनेस ‘महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी’ म्हणण्याची प्रथा पडली. परंतु या भाग्याच्या वहीत जमेच्या बाजूसमोर खर्चाची बाजूही आहे. ज्या खोऱ्याचे पाणी वळविले त्याचे देणे, ज्या भूमीवर पाण्याचा भार टाकला तिचे देणे आणि ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांचे देणे, अशी ही तीन देणी होत. कोयनेचा इतिहास वाचायचा तो या दोन्ही बाजू एकत्र मांडून.

कल्पना आणि पूर्वपीठिका

कोयनेचे वैशिष्ट्य तिच्या स्थानात आहे. हेळवाकजवळ नदीचे पात्र सह्याद्रीच्या पश्चिम कड्यापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे आणि कड्याच्या पलीकडे कोकणाची भूमी शेकडो मीटर खाली आहे. डोंगरातून बोगदा खोदून पाणी पलीकडे नेले, तर एवढी मोठी उंची एकाच झेपेत हाती येते. धुवांधार पाऊस, पाणी साठविण्यास योग्य दरी आणि जवळच लाभणारी उंची, असा तिहेरी योग क्वचितच जुळून येतो.

या योगाचे महत्त्व मुंबईच्या दृष्टीने फार मोठे होते. गिरण्यांच्या या नगरीस कोळसा दूरच्या खाणींतून आणावा लागे. घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात उतरवून वीज निर्माण करता येते, हे टाटा उद्योगसमूहाने १९१५ मध्ये खोपोली येथे सिद्ध केले. त्यानंतर भिवपुरी व भिरा ही वीजगृहे उभी राहिली. कोयनेच्या खोऱ्याचीही त्या काळात पाहणी झाली. परंतु आर्थिक मंदीमुळे ती योजना बाजूस पडली. याच काळात मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज कोणासाठी आणि जमीन कोणाची, हा प्रश्न कोयनेच्या पायाभरणीच्या कितीतरी आधी महाराष्ट्रासमोर उभा राहिला होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

धरण आणि डोंगराच्या पोटातील वीजगृह

स्वातंत्र्यानंतर ही योजना मुंबई राज्याच्या शासनाने हाती घेतली. १९५४ मध्ये कामास प्रारंभ झाला. पुढे जागतिक बँकेचे कर्जही मिळाले. काम सुरू असतानाच १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. द्विभाषिक राज्यात सुरू झालेली ही योजना अशा रीतीने नव्या मराठी राज्याच्या पहिल्या मोठ्या संपत्तींपैकी एक ठरली.

धरणाची उंची सुमारे १०३ मीटर व लांबी ८०० मीटरांहून थोडी अधिक आहे. बांधकामासाठी काँक्रीटच्या थरांत मोठाले दगड रोवण्याची ‘रबल काँक्रीट’ पद्धत वापरण्यात आली. सह्याद्रीचा काळा पाषाण तेथेच मुबलक असल्याने सिमेंटची बचत झाली. धरणामागे पसरलेल्या जलाशयास ‘शिवसागर’ हे नाव देण्यात आले. त्याची मूळ साठवणक्षमता ९८.७८ अब्ज घनफूट म्हणजे ९८.७८ टीएमसी होती. पुढे सांडव्याच्या दरवाजांची उंची वाढवून ती १०५.२५ टीएमसी करण्यात आली.

धरण डोळ्यांना दिसते. योजनेचे हृदय मात्र डोंगराच्या पोटात दडलेले आहे. जलाशयातील पाणी नवजा येथून सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते. बोगद्याच्या शेवटी उल्लोळ विहीर आहे. यंत्रे अकस्मात थांबली, तर वेगाने येणाऱ्या पाण्याचा धक्का सोसून त्याला वर चढण्यास वाव देणे, हे तिचे काम. तेथून पोलादी नळांतून पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळते आणि तेथील चक्रे फिरवते. पाणी जवळपास ४७५ मीटर उंचीवरून खाली येते. साध्या गणिताने पाहिले, तर एवढ्या उंचीवरून उतरणारे एक हजार लिटर पाणी सुमारे एक युनिट वीज देऊन जाते. १९६२ मध्ये येथील पहिले जनित्र सुरू झाले.

क्षमतेचे आणि वेळेचे अर्थशास्त्र

पहिल्या दोन टप्प्यांची आजची क्षमता ६०० मेगावॅट आहे. तिसऱ्या टप्प्यात एक नवी युक्ती योजण्यात आली. पोफळीतून बाहेर पडणारे अवजल कोळकेवाडी येथे दुसरे धरण बांधून अडविले आणि आणखी शंभरावर मीटर खाली उतरवून त्याच पाण्यापासून पुन्हा ३२० मेगावॅट क्षमतेची वीज घेतली. धरणाच्या पूर्वेस सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर ४० मेगावॅटचे पायथा वीजगृह उभे राहिले. चौथ्या टप्प्याने १,००० मेगावॅटची भर घातली. त्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी सुरुंग लावून बोगद्यात पाणी घेण्यात आले. ‘लेक टॅपिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग भारतीय अभियंत्यांच्या धैर्याची साक्ष मानला जातो. या सर्वांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट होते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर मर्यादा आहे; मग पाणी तेवढेच असताना १,००० मेगावॅटची नवी यंत्रे कशासाठी? याचे उत्तर जलविद्युतेच्या स्वभावात आहे. कोळशावर चालणारे केंद्र सुरू होण्यास कित्येक तास लागतात. जलविद्युत केंद्र मात्र काही मिनिटांत पूर्ण शक्तीने चालू लागते. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, कारखाने चालू असतात, तेव्हा विजेची मागणी एकाएकी वर चढते. त्या मोजक्या तासांत पाणी अधिक वेगाने वापरता यावे, हा चौथ्या टप्प्याचा हेतू. पश्चिमेकडील सर्व यंत्रे वर्षभर अखंड चालली, तर जवळपास १,७०० कोटी युनिट वीज निर्माण होईल. वळविता येणाऱ्या पाण्यापासून मिळते ती ढोबळ हिशेबाने २५० ते ३०० कोटी युनिट. म्हणजे ही यंत्रे बराच काळ थांबून असतात आणि गरजेच्या क्षणी धावून येतात. कोयनेचे आर्थिक मोल युनिटांच्या संख्येएवढेच वेळेवर मिळणाऱ्या विजेत आहे.

भूमीचे देणे

जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर परिसरात भूकंपाचे लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास तिला जबर तडा गेला. सहाहून अधिक रिश्टर तीव्रतेच्या त्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. पावणेदोनशेच्या वर माणसे प्राणांस मुकली. वीजनिर्मिती थांबली आणि दूर मुंबईतील कारखान्यांची चाकेही थबकली. एका दरीतील यंत्रांवर केवढे उद्योगविश्व विसंबून आहे, याची प्रचिती महाराष्ट्रास अशा दुःखद रीतीने आली.

धरणास तडे गेले. परंतु ते उभे राहिले. पुढे खालच्या बाजूने आधार देऊन ते बळकट करण्यात आले. धरणावरच बसविलेल्या यंत्राने नोंदविलेला त्या भूकंपाचा आलेख जगभरच्या अभियंत्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. जलाशयाच्या भारामुळे व जमिनीत मुरणाऱ्या पाण्यामुळे भूकंप घडू शकतात, या विचाराचे कोयना हे जगातील एक प्रमुख उदाहरण ठरले. आजही तेथील भूगर्भाचा अभ्यास चालू असून त्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले आहे. कऱ्हाड येथे या संशोधनासाठी केंद्र शासनाची प्रयोगशाळाही आहे.

खोऱ्याचे आणि माणसांचे देणे

नदी एका राज्याची नसते. कोयनेचे पाणी पश्चिमेस वळविले म्हणजे तेवढे कृष्णेतून कमी झाले. साहजिकच खालच्या राज्यांनी हरकत घेतली. १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजेच बच्छावत लवादाने, वीजनिर्मितीसाठी कोयनेतून पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. तंटा मात्र राज्याराज्यांपुरताच नाही. कऱ्हाडच्या पुढे कृष्णेचे पाणी उचलून सांगलीच्या दुष्काळी टापूस देणाऱ्या टेंभू, ताकारी व म्हैसाळ या योजना कोयनेतून पूर्वेस सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहेत. उन्हाळ्यात उरलेले पाणी वीज म्हणून पश्चिमेस उतरवायचे, की शेतासाठी पूर्वेस सोडायचे, हा प्रश्न टंचाईच्या वर्षी शासनासमोर उभा ठाकतोच. पश्चिमेस उतरलेले पाणी वाशिष्ठीवाटे चिपळूणवरून समुद्रास मिळते. त्याचा काही भाग वाटेत उपयोगी पडतो, पण बराचसा वाया जातो. हे अवजल मुंबईस नेण्याच्या कल्पना म्हणूनच वेळोवेळी पुढे येतात.

सर्वांत जड देणे माणसांचे. शिवसागराच्या तळाशी जावळी व पाटण या तालुक्यांतील गावे, भातखाचरे आणि ग्रामदेवतांची देवळे गेली. धरण बांधले गेले तेव्हा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये झाला. त्यामुळे कोयनेच्या विस्थापितांस जे मिळाले ते हक्क म्हणून कमी आणि शासनाच्या मर्जीने अधिक. कोणी सोलापूर-सांगलीच्या कोरड्या माळांवर गेले, कोणी कोकणात उतरले, कोणी डोंगरात आणखी वर सरकून राहिले. वर सरकलेल्यांपैकी कित्येकांना पुढे १९८५ चे कोयना अभयारण्य आणि त्यानंतरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांमुळे पुन्हा स्थलांतराचा प्रश्न भेडसावला. ज्यांच्या जमिनींवर राज्याचा दिवा पेटला, त्यांच्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे पर्यायी जमिनीच्या मागणीसाठी एकविसाव्या शतकातही कोयनानगरला ठिय्या देऊन बसली. साठ वर्षे उलटून गेली तरी हे खाते बंद झालेले नाही.

उपसंहार

कोयनेकडे केवळ विजयस्तंभ म्हणून पाहणे सोपे आहे, आणि केवळ अन्यायाची खूण म्हणून पाहणेही सोपे आहे. इतिहासाचा अभ्यास या दोन्ही सोप्या वाटा नाकारावयास शिकवितो. अपुऱ्या साधनांनिशी अभियंत्यांनी आणि हजारो श्रमिकांनी डोंगर पोखरून उभारलेले हे काम थोर आहेच. त्यामुळे मुंबई-पुण्याचे कारखाने आणि असंख्य घरे उजळली, हेही खरे. त्याचबरोबर भूकंपाने शिकविलेली नम्रता, लवादाने घालून दिलेली मर्यादा आणि विस्थापितांचे अपुरे राहिलेले देणे या गोष्टीही त्याच कामाचा भाग आहेत.

पाण्याची दिशा बदलण्याचे सामर्थ्य मानवाने दहा वर्षांत कमावले; त्या बदलाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना न्याय देण्याचे काम मात्र त्याच्या सहापट काळातही पुरे झाले नाही. उद्याच्या अभियंत्यांनी, अर्थतज्ज्ञांनी आणि शासनकर्त्यांनी, म्हणजे आज वर्गात बसलेल्या मुलामुलींनी, नव्या धरणाचा, रस्त्याचा किंवा कारखान्याचा नकाशा आखताना हा जमाखर्च समोर ठेवावा. देण्याची बाजू आरंभीच मांडली, तर ती फेडणे पुढच्या पिढ्यांवर पडणार नाही.