लेख्य आणि साक्षी : यहुदी व इस्लामी धर्मशास्त्रांतील एक भेद

जुनीं कागदपत्रें चाळणारास महजर हा शब्द नवा नाहीं. तो मूळचा अरबी. काजीच्या न्यायसभेच्या परिभाषेंतून फारसीच्या द्वारें आपल्या दप्तरांत आला. परंतु ज्या शास्त्रानें हा शब्द दिला त्या शास्त्राचा लेखी कागदावर विश्वास कितपत होता, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तें शास्त्र यहुदी धर्मशास्त्राशेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे उत्तर कांहींसें अनपेक्षित मिळतें.

दोहोंची ठेवण एकमेकांस फार जवळची आहे. ‘हलाखा’ या हिब्रू शब्दाचा धातु चालणें या अर्थाचा. ‘शरीअत’ म्हणजे मूळ अर्थीं पाणवठ्याकडे नेणारी वाट. ईश्वरोक्त ग्रंथ, परंपरेनें आलेलें वचन व त्यावर पंडितांची मीमांसा हा क्रमहि सारखाच. मिश्ना इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाली. इमाम शाफीई इ. स. ८२० त वारले. प्रश्न लिहून पाठवावा व पंडितानें निर्णय कळवावा, ही रीत यहुदी गाओनांची तशीच मुफ्तींची. कोणीं कोणापासून काय घेतलें या वादांत आम्ही शिरत नाहीं. तो बहुधा केवळ साम्यावरच लढला जातो.

साक्षीदार दोन असावेत हेंहि दोहोंस मान्य आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेंतील २८२ वी आयत त्या ग्रंथांतील सर्वांत लांब, आणि तिचा विषय हाच : मुदतीचें कर्ज लिहून ठेवावें, व दोन पुरुष किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया साक्षीस घ्याव्या. इतकी स्पष्ट आज्ञा असतां बहुतेक इस्लामी शास्त्रकारांनीं लेखन आवश्यक न मानतां इष्ट मानलें, आणि पुराव्याचें बळ साक्षीदाराच्या तोंडच्या शब्दास दिलें. अक्षरासारखें अक्षर काढतां येतें, हें त्याचें कारण. (बनावट सनदा पाहिलेल्या संग्राहकांस तें निराळें सांगावयास नको.)

यहुदी शास्त्राचें म्हणणें याहून निराळें. दस्तऐवजावर दोघांनीं सह्या केल्या कीं त्यांची साक्ष न्यायसभेंत तपासून झाल्यासारखीच समजावी, असें तालमुदांत सांगितलें आहे. सह्यांविषयीं संशय निघाल्यास तेवढीच शहानिशा करावयाची. याज्ञवल्क्यानें लिखित, भुक्ति व साक्षी अशीं प्रमाणें वेगळीं मोजलीं. यहुद्यांनीं लिखित हें साक्षीचेंच एक रूप केलें.

तथापि व्यापारउदीम कागदावांचून चालत नाहीं. हनफी पंडित तहावी (मृत्यु इ. स. ९३३) यांनीं दस्तऐवजांचे मसुदे कसे असावेत यावर ग्रंथरचना केली; त्यांचेच समकालीन सादिया गाओन (८८२–९४२) यांनीं त्याच विषयावर यहुद्यांसाठीं अरबींत ग्रंथ लिहिला. दोघेहि मूळचे मिसर देशचे. पुढें तुर्की साम्राज्याच्या ‘मजल्ला’ संहितेंत (१८६९–७६) केवळ लेखावर वा शिक्क्यावर निवाडा करूं नये असें सांगून, बनावटपणाचा संशय नसेल तर करावा, अशी लगेच सवलतहि ठेवलेली आहे.

मिश्नेंतील एक अपवाद आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. परधर्मीयांच्या न्यायसभेंत झालेले दस्तऐवज, साक्षीदार परधर्मी असले तरी, ग्राह्य धरावेत. मात्र घटस्फोटपत्र व दासमुक्तिपत्र हीं दोन वगळून. कैरोजवळील फुस्तात येथें बेन एझ्रा नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या कोठडींतील कागदांचा मोठा भाग सॉलोमन शेख्टर यांनीं १८९६–९७ त केंब्रिजला नेला. बाकीचे अनेक ग्रंथालयांत विखुरले. त्या कागदांत अशू नांवाच्या दासीचें मुक्तिपत्र आहे. तें इ. स. ११३२ त मंगळूरास झालें; धनी महदियाकडील व्यापारी अब्राहम बेन यिजू. वरील नियमामुळें हें पत्र तेथील राजाच्या कचेरींत करून चालणारें नव्हतें. तें यहुदी शास्त्राप्रमाणेंच होणें अवश्य होतें. अशू ही पुढें त्याच्या मुलांची आई झाली असें संशोधक मानतात, आणि दासीचें मूल त्या शास्त्राप्रमाणें दासच ठरतें.