पाटीवरचे नाव

पाटीवर कोणाचे नाव घालायचे हे रंगारी आल्यावर ठरवू, असे पहिल्यांदा धंद्यात उतरणाऱ्याला वाटते. गाळा, डिपॉझिट, कर्जाचा हप्ता यांची चिंता त्याला आधी असते. प्रत्यक्षात धंद्याच्या मालकीतले बहुतेक गुंते त्या पाटीपाशीच येऊन मिळतात. म्हणून या पुस्तकाची सुरुवातही तिथूनच केली आहे.

उद्योजकांची चरित्रे मराठीत आवडीने वाचली जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावातले सायकलचे दुकान आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी आपल्याला परकी नाही. चरित्रांतून मालकाचा स्वभाव कळतो. मालकीचा व्यवहार समजून घ्यायचा तर जमाखर्चाची वही आणि करार वाचावे लागतात, आणि ते वाचनही कमी रंगतदार नसते, असा माझा अनुभव आहे.

एकट्याच्या मालकीचा धंदा कायद्याच्या नजरेत मालकाहून वेगळा नसतो. दुकानाचा प्राप्तिकर त्याच्याच पॅनवर भरला जातो, आणि दुकानाचे कर्ज थकले तर धनको थेट त्याच्या घरापर्यंत पोचू शकतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्यालाही कंपनी काढण्याची सोय दिली. तरी बाजारपेठेतल्या बहुतेक पाट्यांमागे अजून एकच माणूस उभा असतो.

दुसरी वाट फ्रँचायझीची, म्हणजे रॉयल्टी देऊन दुसऱ्याचे नाव आणि पद्धत वापरण्याची. ती समजायला वडापाव पुरेसा आहे. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला, असे मानले जाते. पुढची पस्तीसेक वर्षे लसूण किती, मिरची किती, वडा केवढा, हे ज्या त्या गाडीवाल्याने ठरवले. चटणी एखाद्या दिवशी फार तिखट झाली, तरी गिऱ्हाईक कुरकुरत दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग २००१ मध्ये मालाडला जंबोकिंग आणि २००४ मध्ये कल्याणला गोली वडापाव आले. गोलीने तर वडे कारखान्यात बनवून, गोठवून दुकानांना पुरवायची पद्धत बसवली. दुकानदाराने फक्त तळायचे. मला स्वतःला गाडीवरचाच वडा आवडतो. पण ज्याने आयुष्यात कधी कढई धरली नाही, त्यालाही त्यामुळे दुकान उघडता आले, हे मान्य करायला हवे.

या सोयीची किंमत कशी मोजतात, ते वाचकांनी बारकाईने पाहावे. समजा, महिन्याची विक्री चार लाख आणि रॉयल्टी सहा टक्के. म्हणजे चोवीस हजार, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ४,३२० रुपये. खाद्यपदार्थांचे दुकान पाच टक्क्यांच्या जीएसटीत असेल, तर हा भरलेला कर वळताही करून मिळत नाही. रॉयल्टी सहसा विक्रीवर असते, नफ्यावर नसते. महिना तोट्यात गेला तरी ती द्यावीच लागते.

अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला सही होण्यापूर्वी किमान चौदा दिवस सगळा तपशील लेखी द्यावा लागतो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच भागते. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल विकू नये, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात वैध ठरवली. करार संपल्यावरही तुम्हाला तोच धंदा करण्यापासून रोखणारी अट मात्र करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे सहसा टिकत नाही. पण कलम तुमच्या बाजूने असले, तरी पाटी उतरते, आणि गिऱ्हाईक ज्या नावाने येत होते ते नाव पाटीबरोबर जाते.

पुढची प्रकरणे क्रमानेच वाचावीत, असा आग्रह नाही. स्वतःचे दुकान काढायचे असेल, तर वहीच्या प्रकरणापासून सुरुवात करा. फ्रँचायझीचा करार आधीच हातात पडला असेल, तर हे पुस्तक थोडे बाजूला ठेवा. करार संपल्यावर गाळा, सामान आणि फोन नंबर कोणाकडे राहणार, ते कलम शोधा आणि मगच पान उलटा.