सिसरेक शून्यावर का नको

लिनक्स सर्व्हरच्या हार्डनिंगच्या याद्या चाळल्या तर एक ओळ बऱ्याच ठिकाणी भेटते: कर्नलची ‘सिसरेक’ सेटिंग शून्य करा. लिनिससारखं तपासणीचं साधनही शून्याचीच अपेक्षा धरतं आणि दुसरा आकडा दिसला की अहवालात शेरा मारतं. ऑडिटर शेऱ्यावर बोट ठेवतो, अॅडमिन शून्य लिहितो, शेरा जातो. त्या शून्याने नेमकं कोणाला अडवलं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की बहुतेक मशीनवर ते कोणालाच अडवत नाही. अडवलाच तर तो अॅडमिन, तोही नेमका मशीन हँग झाल्यावर.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. १९८४ साली आयबीएमच्या पीसी/एटीबरोबर आलेल्या कीबोर्डवर ‘सिस्टीम रिक्वेस्ट’ नावाची एक जादा की होती. तिचा उपयोग फारशा कुठल्या प्रोग्रॅमने केला नाही आणि पुढे ती प्रिंट-स्क्रीनच्या कीमध्येच जाऊन बसली. १९९७ च्या सुमारास मार्टिन मारेश यांनी पावेल माखेक यांच्या कल्पनेवरून लिनक्समध्ये तिला काम दिलं. ऑल्ट आणि सिसरेक धरून एखादं अक्षर दाबलं की ते विंडो सिस्टीमपर्यंत किंवा शेलपर्यंत पोचायच्या आतच कर्नल उचलतो. म्हणून मेमरी संपून मशीन घुसमटलं असेल, एसएसएच नवी प्रोसेस उभी करू शकत नसेल, लॉगिनचा प्रॉम्प्टही येत नसेल, तरी ही की बहुधा चालते. इंटरप्टच बंद पडले असतील तर तीही चालत नाही. जादू म्हणतात, पण जादूला मर्यादा आहे.

सेटिंगचा हिशेब बेरजेचा आहे. ० म्हणजे सगळं बंद, १ म्हणजे सगळं खुलं. त्यापुढे प्रत्येक अधिकाराला एक आकडा: कन्सोलवर किती लॉग दिसावा यासाठी २, कीबोर्डचा ताबा सोडवण्यासाठी ४, प्रोसेस-मेमरी-सीपीयू यांचे डंप काढण्यासाठी ८, सिंकसाठी १६, फाइलसिस्टीम फक्त-वाचनापुरती पुन्हा माउंट करण्यासाठी ३२, प्रोसेसना सिग्नल पाठवण्यासाठी ६४, रीबूट व पॉवर-ऑफसाठी १२८, आणि रिअल-टाइम कामांना साध्या रांगेत आणण्यासाठी २५६. हवे ते अधिकार मिळवायचे आणि बेरीज लिहायची. उबुंटू १७६ लिहून पाठवतं, डेबियन ४३८, ओपनसुसे १८४. फेडोरावर सिस्टमडीने दिलेला १६ असतो, म्हणजे सिंक सोडून काही नाही. चार वितरणांचे चार आकडे, आणि याद्या लिहिणारे सांगतात पाचवा.

आता पूर्वपक्ष, आणि तो दुबळा करून मांडणार नाही. शून्यवादी म्हणतात: ही की कर्नलशी थेट बोलते आणि दाबणाऱ्याला पासवर्ड विचारत नाही. स्क्रीन लॉक असली तरी ती चालते. ‘एफ’ दाबून कर्नलच्या ओओएम किलरला सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारायला लावता येते, आणि पुन्हा पुन्हा दाबत गेलं तर स्क्रीन-लॉकरचाही नंबर लागू शकतो. ही भीती काल्पनिक नाही. एसलॉक नावाचा छोटा लॉकर सुरू होतानाच कर्नलला ‘मला ओओएममधून वगळ’ असं सांगतो, तो उगाच नव्हे. शिवाय डंपमध्ये रजिस्टरांतले खरे आकडे येतात, म्हणजे कर्नल मेमरीत कुठे बसला आहे हे लपवण्याचा खटाटोप वाया जातो. सीरियल कन्सोलवर तर कीबोर्डही लागत नाही. ब्रेक सिग्नल आणि त्यानंतर पाच सेकंदांत एक अक्षर एवढं पुरतं. एम्बेडेड बोर्डांवर सुटा राहिलेला सीरियल पिन नुसत्या विजेच्या गोंगाटातूनच असं ‘ब्रेक आणि अक्षर’ तयार करू शकतो. त्यासाठी कर्नलमध्ये, आधी ठरलेली अक्षरमाला आल्याशिवाय सीरियलवरची सिसरेक चालूच होणार नाही, असा वेगळा पर्याय घालावा लागला. इतकं सगळं असताना ही खिडकी उघडी ठेवायचीच कशाला?

उत्तर असं. शून्य लिहिल्याने खिडकी बंद होते, पण फक्त कीबोर्डाकडची आणि सीरियलकडची. कर्नलमध्ये दुसरा रस्ता आहे: ‘प्रॉक’खालची ‘सिसरेक-ट्रिगर’ ही फाइल. तिच्यात रूटने एक अक्षर लिहिलं की तेच काम होतं, आणि तिथे कर्नल तुमचा आकडा बघतसुद्धा नाही. सेटिंग शून्य असो वा १७६, रूटने ‘बी’ लिहिलं की त्या क्षणी मशीन रीबूट होतं, सिंकची वाटही न पाहता. आजच्या सर्व्हरवर खरा धोका असेल तर तो या बाजूने आहे. डॉकर साध्या कंटेनरमध्ये ही फाइल फक्त-वाचनासाठीच माउंट करतं. तोच कंटेनर ‘प्रिव्हिलेज्ड’ करून चालवला की आतला रूट बाहेरचं अख्खं होस्ट पाडू शकतो. ज्या अहवालात सिसरेक शून्य असल्याची हिरवी खूण आहे, त्याच अहवालातल्या मशीनवर प्रिव्हिलेज्ड कंटेनर आरामात चालू असू शकतात. खूण खरी, आणि तिच्यावरून काढलेला अर्थ खोटा.

दुसरं, कीबोर्डपाशी पोचलेल्या माणसाकडे काय काय असतं? बहुधा पॉवरचं बटण असतं. क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनचा ‘कीबोर्ड’ ज्याच्या कन्सोलमध्ये आहे, त्याच्याकडे रीसेटही त्याच पानावर असतो. सिस्टमडी असलेल्या मशीनवर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबलं तर ते जबरदस्तीने रीबूट करतं. ही सोय बहुतेकांनी कधी बंद केलेली नसते, बरेचदा ती आहे हेच ठाऊक नसतं. सिसरेक बंद आणि हे चालू, अशा मशीनला सुरक्षित म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. कीबोर्ड हाताशी आणि डबा कुलपात, अशी मशीन असतात: कियॉस्क, कॉलेजची लॅब, स्टेशनवरचा माहितीचा पडदा. तिथे समोर उभ्या असलेल्या माणसावर भरवसा नसतो आणि पॉवरचं बटणही त्याच्या हाताला लागत नाही. तिथे शून्यच बरोबर. गोंगाट करणाऱ्या सीरियल पिनच्या बोर्डावरही तेच. पूर्वपक्षाचा हा भाग खरा आहे. चूक एवढीच की कियॉस्कचा नियम रॅकमधल्या सर्व्हरला आणि स्वतःच्या टेबलावरच्या मशीनला लावला जातो.

खरं प्रतिष्ठित मत याहून मवाळ आहे, आणि मला त्याच्याशीच जास्त भांडायचं आहे. ते म्हणतं: शून्य नको, पण निरुपद्रवी तेवढंच ठेवा, म्हणजे सिंक, फक्त-वाचन माउंट आणि रीबूट. १२८, ३२ आणि १६ मिळून १७६. उबुंटूचं हेच धोरण, आणि ऐकायला ते फार समंजस वाटतं. पण यात काय दिलं आणि काय काढून घेतलं ते पाहा. मशीन बंद करण्याचा अधिकार दिला आणि बंद करण्याआधी आत डोकावण्याचा काढून घेतला. रखवालदाराच्या हातात दुकानाची किल्ली ठेवायची आणि कंदील मात्र मालकाने घरी न्यायचा, असा हा प्रकार.

तो कंदील म्हणजे ८. त्यात काय काय येतं? ‘डब्ल्यू’ दाबला की कुठल्या प्रोसेस न तुटणाऱ्या झोपेत अडकल्या आहेत आणि कर्नलच्या कुठल्या फंक्शनमध्ये, याची यादी येते. एनएफएसचा सर्व्हर गायब झाला असेल किंवा डिस्कचा कंट्रोलर उत्तर देत नसेल, तर ती यादी वाचणाऱ्याला दिशा लगेच सापडते. ‘एल’ प्रत्येक सीपीयू त्या क्षणी काय करतो आहे ते दाखवतो, म्हणजे लॉकसाठी फिरत बसलेला ड्रायव्हर उघडा पडतो. ‘एम’ मेमरीचा हिशेब देतो, ‘टी’ सगळ्या प्रोसेसचा. हे सगळं मशीन जिवंत असतानाच मिळतं. ‘बी’ दाबला की पुरावा गेला. मग त्याच मशीनवर काही दिवसांनी तोच हँग येतो, पुन्हा ‘बी’, आणि बग-रिपोर्टमध्ये ‘मशीन अधूनमधून अडकतं’ यापलीकडे लिहायला काही नसतं. कर्नलच्या डेव्हलपरांना अशा रिपोर्टचं काय करावं हे कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

यावर प्रतिवाद येतो की आता कर्नल स्वतःच ओरडतो. हँग-टास्कची पहारेदारी १२० सेकंद अडकलेल्या प्रोसेसचा स्टॅक लॉगमध्ये टाकते, सॉफ्ट-लॉकअपचा वॉचडॉग २० सेकंदांत बोलतो. बरोबर. पण हँग-टास्क मूळ सेटिंगमध्ये दहा इशाऱ्यांनंतर गप्प होतो, आणि त्याची ओळ डिस्कवर पोचायला डिस्क चालू असावी लागते. जो प्रसंग डिस्कमुळेच ओढवला, त्याचा लॉग त्याच डिस्कवर शोधायचा, ही विचित्र अपेक्षा आहे. समोरच्या कन्सोलवर उमटलेल्या डंपचा मोबाइलने फोटो काढता येतो, सीरियलवरून तो दुसऱ्या मशीनवर उतरवता येतो. सपोर्टच्या माणसाला स्टॅक वाचता येत नाही, हेही ऐकवतात. त्याने वाचायचा नाहीच, पाठवायचा आहे.

दुसरा प्रतिवाद अधिक टोकदार आहे. ८ मध्ये फक्त बघणं नाही. ‘सी’, म्हणजे जाणूनबुजून कर्नल क्रॅश करण्याची आज्ञाही त्याच आकड्यात बसवलेली आहे. हे गाठोडं मलाही पसंत नाही. बघणं आणि पाडणं वेगळे आकडे असायला हवे होते. पण १७६ वाल्याने हा मुद्दा काढावा हे नवल. त्याने १२८ आधीच देऊन ठेवलेत, म्हणजे कोणीही ‘बी’ दाबून मशीन पाडू शकतो. ‘सी’ त्याहून जास्त काय करणार? केडम्प लावलेलं असेल तर उलट मेमरीची प्रत जपून ठेवतो आणि मग रीबूट होतो. रजिस्टरांच्या आकड्यांचा आक्षेप उरतो, आणि तो खराही आहे. ज्या मशीनवर अनोळखी लोक स्वतःचा कोड चालवतात आणि कीबोर्डही वापरतात, तिथे ८ देऊ नये. असं मशीन म्हणजे पुन्हा ती लॅबच.

आता दुसऱ्या टोकाकडे थोडं. तिथले लोक सरसकट १ लिहितात आणि आर-ई-आय-एस-यू-बी हा सहा अक्षरांचा क्रम तोंडपाठ करतात. उबुंटूवर १७६ असताना त्यातली पहिली तीन अक्षरं मुकी असतात, कारण ‘आर’ला ४ लागतो, ‘ई’ आणि ‘आय’ला ६४. कर्नल ‘ही क्रिया बंद आहे’ असं लॉगमध्ये लिहून गप्प बसतो, दाबणारा मात्र समाधानाने पुढे जातो. ‘एस’ दाबल्यावर सिंक तिथल्या तिथे होत नाही, काम रांगेत लागतं. ते संपल्याची ओळ यायच्या आत ‘यू’ आणि ‘बी’ भराभर दाबले तर ‘एस’ दाबल्याचा उपयोग काय? आणि ती ओळ दिसणार कशी? ‘क्वाएट’ देऊन बूट केलेल्या मशीनच्या कन्सोलवर आज्ञेचं शीर्षक तेवढं उमटतं, बाकी मजकूर लॉग-लेव्हलखाली दबून राहतो. लेव्हल वाढवायला आकड्याची की दाबायची, आणि तिला २ हा अधिकार हवा. तो १७६ मध्ये नाही. म्हणजे उबुंटूने सिंक करायला दिलं आणि ते पूर्ण झालं का, हे पाहायचा मार्ग बंद ठेवला. डेबियनच्या ४३८ मध्ये २ आहे, पण ८ नाही. ओपनसुसेच्या १८४ मध्ये ८ आहे, पण २ नाही.

सरसकट १ ची खरी अडचण ६४ मध्ये आहे, वर सांगितलेल्या ‘एफ’मुळे. वेलँडच्या नव्या सेशन-लॉक प्रोटोकॉलमध्ये लॉकर मेला तरी कंपोझिटर सेशन उघडत नाही, म्हणून हा धोका हळूहळू कमी होतो आहे. तरी ऑफिसात सोडून जायच्या मशीनवर ६४ मी अजून देणार नाही. ४ बद्दल मी कमी कडक आहे. त्यात ‘के’ येतो, त्या कन्सोलवरच्या सगळ्या प्रोसेस मारणारा. त्याचा हेतूच खोट्या लॉगिन-स्क्रीनला हुसकावण्याचा आहे. सुरक्षेच्या नावाने शून्य लिहिणारे सुरक्षेचं हे एक छोटं हत्यारही टाकून देतात. पूर्ण भरवशाचं ते नाही हे कर्नलचे दस्तऐवजच सांगतात, पण आहे ते आहे.

तर साध्या सर्व्हरला आणि स्वतःच्या डेस्कटॉपला माझा आकडा १८६: उबुंटूच्या १७६ मध्ये ८ आणि २. कियॉस्कला व लॅबला ०. लिहायचा कुठे, तेही जपून. कमांडने दिलेला आकडा पुढच्या बूटपर्यंतच टिकतो. ‘इटीसी’मधल्या ‘सिसकटल-डी’ फोल्डरमध्ये वेगळी फाइल करावी आणि नाव ९० ने सुरू करावं, म्हणजे नावांच्या क्रमात ती सिस्टमडीच्या ५० वाल्या आणि उबुंटूच्या १० वाल्या फाइलनंतर वाचली जाईल. जुन्या सवयीने ‘सिसकटल-कॉन्फ’ या एकाच फाइलमध्ये लिहिणाऱ्यांनी डेबियन १३ वर सांभाळावं, तिथे बूटच्या वेळी ती फाइल आता वाचलीच जात नाही. आणि लॅपटॉप असेल तर मशीन अडकायच्या आधी एकदा ‘एच’ दाबून पाहावं. कितीतरी लॅपटॉपांवर सिसरेकची की छापलेलीच नसते, ती एफएन आणि भलत्याच अक्षरामागे दडलेली असते.